देवाची योजना आणि दोन दुष्काळ : पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून

 

आजचा विषय निवडताना मनात थोडी धाकधूक होती. इतिहासाच्या व्याख्यानात श्रद्धेबद्दल बोलायचं म्हणजे दोन्हीकडून बोलणी खायची तयारी ठेवावी लागते. श्रद्धावंत म्हणतात, तुम्ही आमच्या विश्वासाची चिरफाड करता. ज्यांची श्रद्धा नाही ते म्हणतात, इतिहासाच्या नावाखाली प्रवचन चाललंय. दोघांनाही माझी विनंती एकच, शेवटपर्यंत ऐका आणि मग काय ते ठरवा.

सुरुवात एका वाक्यापासून करतो. ख्रिस्ती घरांमध्ये हे वाक्य फार ऐकू येतं : "यातही देवाची काहीतरी योजना असेल." कुणाची नोकरी गेली, घरात मोठं आजारपण निघालं, जवळचं माणूस गेलं, की भेटायला आलेली मंडळी हात हातात घेऊन असं म्हणतात. हिंदू घरांत "देवाच्या मनात असेल तसं" म्हणतात, तेही याच जातीचं. कधी या वाक्यानं धीर येतो. पण खरं सांगायचं तर कधी ते वाक्य लागतं. ज्या बाईचं मूल नुकतंच गेलंय, तिला ते धीराचं वाटेलच असं नाही.

म्हणून मला प्रश्न असा पडला की, कठीण काळात देवाच्या योजनेवर विश्वास ठेवायचा म्हणजे माणूस नेमकं करतो काय? मनात काय वाटतं ते त्याचं त्याला माहीत, इतिहासाला ते मोजता येत नाही. पण विश्वास ठेवणारा माणूस सकाळी उठून कुठे जातो, पैसे कशावर खर्च करतो, कुणाशी भांडतो, हे मात्र इतिहासाला दिसतं. त्या नजरेनं मी एक आयुष्य तुमच्यापुढे ठेवणार आहे. ते आहे पंडिता रमाबाईंचं. त्यांच्या आयुष्यात दोन दुष्काळ आले, वीसेक वर्षांच्या अंतरानं. आजचं सगळं बोलणं त्या दोन दुष्काळांमधल्या फरकाबद्दल आहे.

आधी एक जुनं पत्र

रमाबाईंकडे जाण्याआधी पाच मिनिटं मागे जाऊ, अडीच हजार वर्षं. "देवाची योजना" हे शब्द ख्रिस्ती लोक ज्या वचनाच्या आधारानं वापरतात, ते यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात, एकोणतिसाव्या अध्यायात आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, लग्नाच्या पत्रिकेवर, फ्रेममध्ये ते वचन तुम्ही पाहिलं असेल. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असा त्याचा आशय.

पण हे वचन मुळात एका पत्रात आहे, हे फार जणांच्या लक्षात नसतं. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजानं यरुशलेमचा राजा, दरबारी, कारागीर अशा लोकांना पकडून बाबेलला नेलं. घर गेलं, मंदिर दूर राहिलं, देश परका. अशा लोकांना यिर्मयानं यरुशलेमहून पत्र पाठवलं. त्याच सुमारास हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा सांगत होता की, काळजी करू नका, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना अर्थातच हनन्या आवडला असणार. आपल्यालाही आवडला असता!

यिर्मया काय सांगतो? तो म्हणतो, सत्तर वर्षं लागतील. आता विचार करा, ज्यांनी हे पत्र ऐकलं त्यातल्या बहुतेक मोठ्या माणसांना परत जायला मिळणारच नव्हतं. त्यांच्यासाठी "हिताची योजना" याचा अर्थ काय? पत्रातच उत्तर आहे. घरं बांधा, त्यात राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलांची लग्नं करा. आणि ज्या शहरात तुम्हाला बंदिवान करून नेलंय, त्याच शहराचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

म्हणजे बघा, वचन सत्तर वर्षांचं आहे आणि काम आजचं आहे. पुढे इ.स.पू. ५३९ मध्ये पर्शियाच्या कोरेश राजानं बाबेल जिंकलं आणि लोकांना परतायची वाट मोकळी झाली. यिर्मयाला ते पाहायला मिळालं नाही. त्याला त्याच्याच लोकांनी इच्छेविरुद्ध मिसर देशात नेलं होतं. ही बाग लावण्याची गोष्ट तेवढी लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

पहिला दुष्काळ

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीच्या रानात गंगामूळ इथे. आज तो भाग कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे, कुटुंब चित्पावन ब्राह्मणाचं. अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळात हा केवढा गुन्हा! त्याबद्दल त्यांना पंडितांपुढे उडुपीला जाब द्यावा लागला आणि त्यांनी शास्त्राच्या आधारानं आपली बाजू मांडली. रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते मुख्यतः आईनं, कारण तोवर वडील फार थकले होते, डोळ्यांनी अधू झाले होते. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराण सांगत जगत होतं.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. रमाबाईंनी पुढे आयुष्यात या दिवसांबद्दल लिहून ठेवलं आहे आणि ते वाचताना घशाशी येतं. जवळचे पैसे होते ते देवकार्यात, दानधर्मात, अनुष्ठानात संपले. देव प्रसन्न होईल, मार्ग दाखवील, ही खात्री. अंगमेहनतीचं काम कुणाला येत नव्हतं, आणि जातीच्या अभिमानापायी ते करायची आणि मागायची लाजही होती. शेवटी रानातली पानं आणि फळं खाऊन दिवस काढले. अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी अभिमान सोडतो, हमाली करतो, पण असं मरायचं नाही. पण वडील त्या उपासमारीतून वाचले नाहीत. जाण्याआधी त्यांनी या धाकट्या लेकीला जवळ घेतलं आणि सांगितलं की, मी तुला देवाच्या हाती सोपवलंय, जन्मभर त्याचीच सेवा कर.

काही आठवड्यांत आई गेली. तिरडी उचलायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. उंची कमी, खांदा देता येईना, म्हणून तिनं आईच्या तिरडीचा भार डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीणही गेली.

मग ही दोन भावंडं चालत निघाली. दक्षिणेपासून पंजाब-काश्मीरपर्यंत, हजारो मैल, बहुतेक पायी. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून, डोकं तेवढं बाहेर ठेवून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. यावरून कुणी असा निष्कर्ष काढेल की, हिंदू श्रद्धा हतबल आणि ख्रिस्ती श्रद्धा कर्तबगार. तसं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. भजन-प्रार्थना करत बसून राहणारे ख्रिस्तीही भरपूर झाले, आणि दुष्काळात अन्नछत्रं उघडणारे हिंदूही भरपूर झाले. प्रश्न श्रद्धा कोणत्या धर्माची हा नाही. ती श्रद्धा हाताला काय करायला लावते, हा आहे. आणि वडिलांचे ते शेवटचे शब्द रमाबाईंनी कधी टाकून दिले नाहीत. ख्रिस्ती झाल्यावरही त्या मानत राहिल्या की, वडिलांनी ज्या देवाच्या हाती आपल्याला सोपवलं त्यानंच आपल्याला सांभाळलं.

मोडत गेलेले बेत

१८७८ मध्ये ही भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीचं संस्कृत ऐकलं आणि तिला "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. आता बरे दिवस येतील असं वाटत असतानाच १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी लग्न केलं, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीनं. १८८१ मध्ये मनोरमा झाली. १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीनं गेले. संसार दोन वर्षंही झाला नाही.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि स्त्रियांना डॉक्टर आणि शिक्षिका करण्याची मागणी केली. १८८३ मध्ये स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला गेल्या. तिथे लक्षात आलं की, ऐकू कमी येतंय. वैद्यकीचा बेत तिथेच मोडला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे एक गंमत सांगतो. बाप्तिस्मा घेतला म्हणजे बाई आता मुकाट्यानं सांगतील ते ऐकतील, असं तिथल्या धर्मभगिनींना आणि पाद्र्यांना वाटलं असणार. झालं उलटंच. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून ते शिकवायला कुणाला उभं राहता येईल इथपर्यंत, रमाबाईंनी पत्रांतून एकेका गोष्टीवर वाद घातला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, मी देवाचं ऐकायचं कबूल केलंय, तुमच्या चर्चच्या अधिकाऱ्यांचं नव्हे. ही गोष्ट महत्त्वाची आहे. "देवाची योजना" हे शब्द पुष्कळदा कुणीतरी अधिकारातला माणूस दुसऱ्याला गप्प बसवायला वापरतो. रमाबाईंनी तो मार्ग पहिल्यापासून बंद करून टाकला.

डॉक्टर होणं राहिलं, म्हणून त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात शिकल्या, तिथे संस्कृत शिकवलं. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून जास्त राहिल्या. बालवाडीची शिक्षणपद्धती शिकल्या, व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था स्थापन झाली आणि तिनं दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं. १८८९ मध्ये मुंबईला चौपाटीवर शारदा सदन सुरू झालं, बालविधवांसाठी. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढच्या आनंदीबाई कर्वे. १८९० मध्ये शारदा सदन पुण्याला आलं.

आणि १८९३ मध्ये तोही बेत हलला. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, काही ख्रिस्ती धर्माकडे वळताहेत, यावरून पुण्यात गदारोळ झाला. "केसरी"नं टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मंडळी सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं रमाबाईंनी कबूल केलं होतं, आणि घराची दारं उघडी ठेवून प्रार्थना करणं त्या तटस्थतेत बसतं की नाही, यावर दोन्ही बाजूंना म्हणायला जागा होती. आजही आहे. मी एवढंच म्हणेन की, विरोधकांचा आक्षेप निव्वळ द्वेषातून आला होता असं मानू नये.

पण त्यानंतर रमाबाईंनी जे केलं ते पाहा. बोस्टनची मदत १८९८ मध्ये संपणार होती. मग पुढे काय? त्यांनी पुण्याहून दौंडच्या वाटेवर केडगाव स्टेशनजवळ जमीन घेतली. कशासाठी, तर फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर शारदा सदन चालवायचं. अगदी हिशेबी बेत. आठवतंय ना, बागा लावा आणि त्यांची फळं खा?

दुसरा दुष्काळ

१८९६ साली पाऊस गेला. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात फार भयंकर होता. वर्तमानपत्रांत बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंच्या वाचनात त्या आल्या आणि वीस वर्षांपूर्वीचं सगळं वर आलं. त्यांनी लिहिलंय त्याचा भाव असा की, उपाशी मरणं म्हणजे काय हे मला शिकवायला कुणी नको.

पण प्रश्न व्यवहाराचा होता. शारदा सदनातल्या मुलींची संख्या ठरलेली, बोस्टनचे पैसे त्यांच्यासाठीच दिलेले. दुष्काळातल्या मुलींसाठी ना पैसा ना जागा. रमाबाईंच्या मनाची चलबिचल झाली. मी एकटी बाई काय करणार, हा विचार त्यांनाही आला. शेवटी आगगाडीत बसून त्या मध्य प्रांतात गेल्या.

गरीबखाने आणि मदत छावण्या त्यांनी स्वतः पाहिल्या. हाडांचे सापळे झालेली मुलं, धान्यात मिसळलेली माती. आणि दुसरी एक गोष्ट त्यांच्या अनुभवी नजरेला लगेच दिसली. दुष्काळात पुरुष, बायका, मुलं सगळेच मरतात, पण तरुण मुलींच्या पाठी आणखी एक संकट असतं. त्यांना उचलून नेणारे दलाल छावण्यांच्या भोवती घिरट्या घालत होते. रमाबाई मुली गोळा करून आणू लागल्या. या फेऱ्यांमधून सुमारे ३०० मुली आल्या.

आणायच्या कुठे? पुण्यात नेमका त्याच वेळी प्लेग. शहरात नव्या माणसांचा असा जमाव ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग रमाबाईंनी मुली केडगावला हलवल्या, त्या फळबागेच्या जमिनीवर. तंबू ठोकले, झोपड्या उभारल्या. फळबाग उत्पन्नासाठी होती, ती आता आसरा झाली. बागेत काम करायला हात मिळाले आणि त्या हातांना खायला बाग मिळाली. तिथूनच "मुक्ती"चं काम उभं राहिलं, आणि १९०० मध्ये गुजरात-राजपुतान्याकडे पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

आता जरा थांबून दोन दुष्काळ शेजारी ठेवू. पहिल्यात सोळा वर्षांची रमा देवावर भरवसा ठेवणाऱ्या घरात होती आणि ते घर डोळ्यांदेखत संपलं. दुसऱ्यात अडतीस वर्षांच्या रमाबाई देवावर भरवसा ठेवून होत्या, आणि त्यांनी तिकीट काढलं, मुली मोजल्या, तंबू ठोकले, विहिरी खणायला लावल्या. त्यांनी मागे वळून स्वतःच्या उपासमारीकडे पाहिलं आणि म्हटलं की, देवानं मला त्यातून यासाठी नेलं. हे "यासाठी" कधी आलं, ते लक्षात घ्या. वीस वर्षांनंतर आलं, आणि त्यांच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल आलं. छावणीतल्या उपाशी पोरीला त्या असं म्हणाल्या नाहीत की, बाळे, तुझ्या उपासामागे देवाची योजना आहे. तिला त्यांनी आधी जेवायला घातलं.

माझ्या मते सगळा मुद्दा इथे आहे. योजना दिसते ती मागे वळून बघताना. पुढे बघताना फक्त आजचं काम दिसतं. आणि योजनेचा अर्थ लावायचा हक्क ज्याच्यावर बेतलंय त्याचा असतो, भेटायला आलेल्याचा नसतो.

विश्वास आणि गप्प बसणं

काही जण म्हणतील, विश्वासू माणूस सगळं देवावर सोडून सरकारबद्दल तक्रार करत नाही. रमाबाईंनी तेही केलं नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली जे चाललं होतं, ते आपल्याला माहीत आहे. घरात घुसणारे सोल्जर, विलगीकरण छावण्या, आणि पुढे जूनमध्ये रँडचा खून. त्याच्या महिनाभर आधी रमाबाईंनी "बॉम्बे गार्डियन" या पत्रात जाहीर पत्र लिहून छावणी आणि प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची जी हेळसांड होते, ती मांडली. त्यांच्याच संस्थेतली एक मुलगी त्यात सापडली होती. प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. रमाबाईंनी आपलं म्हणणं सोडलं नाही.

बघा, ही ख्रिस्ती बाई, राज्यकर्ते ख्रिस्ती, मदतीचा पैसा इंग्लंड-अमेरिकेतून येणारा. गप्प बसणं किती सोयीचं होतं! म्हणजे त्यांच्या लेखी "देवाची योजना" आणि "सरकारची व्यवस्था" या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. प्लेग आला म्हणून देवापुढे गुडघे टेकायचे, आणि छावणीत मुलीचे हाल झाले म्हणून गव्हर्नरला जाब विचारायचा. त्यांना यात विसंगती वाटली नाही.

पैशांचंही तसंच. ब्रिस्टलच्या अनाथाश्रमाचे जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. कुणाकडे हात पसरायचा नाही, देवाकडे मागायचं, अशी म्यूलर यांची रीत. रमाबाईंवर तिचा मोठा परिणाम झाला. पण म्हणून त्या हात जोडून बसल्या का? केडगावला शेती होती, विणकाम होतं, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. मुली शिकत होत्या आणि कामही करत होत्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झालं, आंधळ्यांसाठी वेगळी सोय झाली आणि मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकवायला सुरुवात केली. "मुक्ती प्रेअर बेल" नावाचं पत्रक निघत असे, त्यातून देणाऱ्यांना कामाची हकीकत कळे. पहाटेची प्रार्थना आणि संध्याकाळचा हिशेब, दोन्ही एकाच घरात.

आता टीकेबद्दल. दुष्काळातल्या पोरक्या मुलींना आणून ख्रिस्ती केलं, हा आक्षेप त्या वेळीही होता. तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. भुकेलेल्या मुलीला मिळालेलं अन्न आणि मिळालेला धर्म, या दोन गोष्टी एकाच हातून आल्या की तिची निवड किती मोकळी राहिली, हा रास्त प्रश्न आहे. त्याच वेळी दुसरा प्रश्नही विचारायला हवा. त्या मुलींना छावणीतून आणायला त्या वेळी आणखी कितीजण गेले? दोन्ही प्रश्न एकत्र धरले तरच तो काळ समजतो.

शेवटची वर्षं

शेवटचा भाग थोडक्यात सांगतो. मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा केडगावच्या साध्या मुलींना जड जायची. म्हणून रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतः सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. हे काम पंधरा वर्षांहून अधिक चाललं. छपाई केडगावलाच, मुलींच्या हातची. यिर्मयाचं ते पत्र या बाईंनी मूळ भाषेतून, एकेक शब्द लावत, मराठीत आणलं. घरं बांधा, बागा लावा, हे त्यांनी लिहिलं तेव्हा खिडकीबाहेर त्यांनी बांधलेली घरं आणि लावलेली झाडं होती.

पण गोष्ट इथे गोड करून संपवता येत नाही. हे सगळं काम पुढे मनोरमा सांभाळील, हा त्यांचा बेत होता. २४ जुलै १९२१ ला मनोरमाबाई गेल्या, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. या मरणाचं "यासाठी" रमाबाईंना कधी सापडलं का? उलगडा व्हायला वीस वर्षं जावी लागतात असं म्हटलं, तर त्यांच्या हातात वर्षही उरलं नव्हतं. त्यांनी काय केलं? भाषांतर पुढे चालू ठेवलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ मध्ये. त्यांना ते बांधलेलं, हातात घेता आलं नाही. यिर्मयालाही परतणारे लोक दिसले नव्हते.

म्हणून, मंडळी, पुन्हा त्या पहिल्या वाक्याकडे येतो. "यातही देवाची काहीतरी योजना असेल." हे वाक्य खरं की खोटं, हे इतिहासकार म्हणून मी सांगू शकत नाही, तो माझा प्रांत नाही. पण रमाबाईंच्या आयुष्याकडे बघून तीन गोष्टी खात्रीनं सांगता येतात. एक, त्यांचा विश्वास त्यांना खुलासे देत नव्हता, कामाला लावत होता. दोन, त्या विश्वासानं त्यांना पाद्र्यांपुढे, पुणेकरांपुढे आणि गव्हर्नरापुढे ताठ उभं केलं, वाकवलं नाही. आणि तीन, तो विश्वास मोडलेल्या बेतांना घाबरत नव्हता. डॉक्टर होता आलं नाही, शिक्षिका झाल्या. फळबाग लावायला जमीन घेतली, तिथे मुली वाढल्या.

पुढच्या वेळी तुम्ही कुणाच्या घरी दुःखात भेटायला जाल, तेव्हा हे वाक्य ओठांवर येईल. तेव्हा एकदा केडगावचे ते तंबू आठवा. योजनेबद्दल बोलायचं की नाही, ते त्या घरच्या माणसाला ठरवू द्या. आपण डबा घेऊन जावं. मुलांना शाळेत सोडायचं असेल तर सोडून यावं. इस्पितळात रात्र काढायची असेल तर काढावी. सत्तर वर्षांचा हिशेब ज्याचा त्याच्याकडे. आपल्या वाट्याला आजचा दिवस आहे, आणि तो काही थोडा नाही.

इथेच थांबतो.  आता तुमचे प्रश्न घेऊ.